न कुजणारं लाकूड

आमच्या लाकूड-प्लायवूडच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्याने काउंटरवर फळीचा एक तुकडा ठेवला आणि अंगठ्याने दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा अंगठा आत रुतला.

"रात्री यावर झोपलो होतो," तो म्हणाला. "सकाळी खाली होतो."

गिऱ्हाइकाला हसू नये, म्हणून मी तोंड फिरवलं... पण त्याने पाहिलंच.

लांबच्या बेटांवरच्या दीपस्तंभांचे दिवे दुरुस्त करत फिरायचं, हे त्याचं काम. राहणं, झोपणं, खाणं सगळं एका लहानशा बोटीत, आणि तिची केबिन आतून पार कुजलेली. वादळाने तिकडचे बरेच दिवे बंद पडले होते, अंधारात मच्छीमार खडकांवर आदळत होते. केबिन नवी केली की तो निघणार होता, दोन-तीन वर्षांसाठी.

मी सांगत सुटले. पट्ट्या सागवानाच्या घ्या, बाकी मरीन प्लाय, तो पाण्याने सुटत नाही. स्क्रू लोखंडी नकोत, स्टेनलेसचे. कापसाची गादी तर मुळीच नको, ओल धरते. त्याने सगळं ऐकलं आणि साध्या प्लायवर हात ठेवला. म्हणे, भिंतीमागे कोण बघतंय!

माझं डोकं फिरलं. दोन्ही प्लायचे तुकडे पातेल्यात घातले आणि दुकानामागच्या शेगडीवर उकळत ठेवले. तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. साध्या प्लायचे पापुद्रे सुटून पाण्यावर आले, मरीन तसाच घट्ट राहिला.

"बघा," मी म्हटलं.

तो पातेल्यात बघतच नव्हता. माझे कान गरम झाले.

मग तो लागेल तसा मरीन प्लाय नेऊन केबिन बांधायला लागला, आणि दुकान बंद करून मी रोज धक्क्यावर त्याच्या बोटीत जायला लागले. निमित्त होतंच – प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना इपॉक्सीचा लेप नीट लागला की नाही, हे कुणीतरी बघायला नको? केबिन एवढी अरुंद, की एकाने हलायचं तर दुसऱ्याने श्वास रोखायचा. "इथे लावायचं राहिलं," मी म्हणायची. तो मुद्दाम भलतीकडेच ब्रश न्यायचा. मग मी त्याचं मनगट धरून जागा दाखवायची... आणि सोडायला जरा उशीरच व्हायचा. फळ्यांमागे हवेला वाट ठेवायची की नाही, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यात तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

बाबांना मात्र सगळं कळत होतं. आजारपणापासून त्यांचा उजवा हात चालत नाही, म्हणून दुकान माझ्यावर. पण नजर शाबूत आहे. एकदा हळूच म्हणाले, "बाकीचा प्लाय साधा दे त्याला. वर्षभरात कुजेल. येईल परत."

जन्मात कधी खोटा माल न विकलेला माणूस! मी चिडले. भर समुद्रात ओल्या अंथरुणात खोकत पडायचा तो. त्यापेक्षा नाही आला तरी चालेल, असं म्हणून आत गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. चालणार नव्हतं मला. मुळीच चालणार नव्हतं.

दुकानातला सगळ्यात चांगला माल मी त्याला काढून दिला. केबिन पुरी झाली. तरी तो निघेना. आज कडी हवी, उद्या बिजागरी. शेवटी मीच बोटीवर गेले.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? बोल की."

त्याने हातातली बिजागरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तू ‘थांब’ म्हणालीस... तर थांबतो."

म्हणायचं होतं मला. ओठांवर आलंही होतं. पण तिकडचे दिवे बंद होते, आणि हा थांबला असता तरी रोज रात्री त्याच अंधाराकडे बघत बसला असता.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "फार आवडतोस. पण ‘थांब’ नाही म्हणणार."

"वाट बघशील?"

"वाट बघत बसायला वेळ कुठे आहे मला? दुकान आहे, बाबा आहेत. पण आलास की मी इथेच असेन. आणि दुसऱ्या कुणाची नसेन."

त्याने माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. त्याचे डोळे ओले होते. "येईन," एवढंच म्हणाला.

सकाळी तो गेला. मी दुकानाचं शटर वर केलं, झाडू मारला. बाबा येऊन खुर्चीत बसले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"आणि तो?"

"येतो म्हणाला."

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"मग आता रड, बाळ. गिऱ्हाईक आलं तर मी बघतो."