उणे ऐंशीतला तुकडा

सकाळी सहाला भावजींनी दूध तापत ठेवले, सव्वासहाला ते उतू घालवले आणि साडेसहापर्यंत शेगडी घासून पुरावा नष्ट केला. पावणेसातला वहिनी स्वयंपाकघरात आल्या.

"भावजी, शेगडी आज फारच चकाकतेय."

भावजी निवृत्त भूगोल शिक्षक होते. थोरल्या भावाच्या घरी राहून, खासगी तपासाचा व्यवसाय करणाऱ्या या वहिनींची टिपणे ते लिहीत. गुन्हेगारांना वहिनींसमोर कसे वाटत असेल, हे त्यांना रोज सकाळी कळे.

सातला घंटी वाजली. इस्पितळातल्या टिश्यू बँकेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आल्या होत्या. भिंतीवरची कललेली तसबीर त्यांनी आधी सरळ केली, मग त्या बसल्या.

"कॅन्सरच्या गाठींचे तुकडे आम्ही उणे ऐंशी अंशांत जपतो. त्यांची जनुकीय चाचणी झाली की कुणाला कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. आमच्याकडे एक पोस्टमन आहेत. त्यांचा तुकडा चाचणीत निकामी निघाला. मध्येच वितळून पुन्हा गोठला असणार. वितळला की आतला सगळा जनुकीय मजकूर फाटतो."

"दुसरा तुकडा घ्या की," भावजी म्हणाले.

"कुठून? गाठ पूर्ण काढलीय. मेणात ठेवलेला भाग निदानातच संपला. आणि फ्रीजरला कुलूप, तापमानाची नोंद सरळ रेघेसारखी! चाव्या दोनच, एक माझी, एक तंत्रज्ञाची. त्याच्या निलंबनाचं पत्र तयार आहे. पण सही करायला हात उचलत नाही. बारा वर्षं काम केलंय हो त्यानं."

"मग आजच्या दिवस नका उचलू," वहिनी म्हणाल्या.

इस्पितळात फ्रीजर उघडताच पांढरी वाफ भावजींच्या चष्म्यावर बसली. चष्मा पुसून त्यांनी पाहिले. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या डब्यात दाटीने उभ्या होत्या. त्यांची लेबले वाकडी, कोपरे सुटलेले, खाली बर्फाची पूड. पोस्टमनच्या नळीचे लेबल मात्र सपाट नि सरळ.

"बाकीची शाळा सुटलेल्या पोरांसारखी," भावजी कौतुकाने म्हणाले, "ही एकटी प्रार्थनेला उभी."

"लिहून ठेवा," वहिनी म्हणाल्या.

भावजींचा पहिला संशय ऑपरेशनच्या खोलीतून तुकडा आणणाऱ्या मामांवर गेला. मामा पन्नाशीचे कर्मचारी होते.

"वाटेत चहाबिहा घेतलात का हो मामा?"

"चहा?" मामा उसळले. "लिफ्ट बंद होती, साहेब. बर्फाची पेटी घेऊन तीन जिने धावत उतरलो. चार मिनिटांत इथं! गुडघे अजून कुरकुरतायत."

"तुकडा केवढा होता?" वहिनींनी विचारले.

"चांगला बोराएवढा. डोळ्यांनी पाहिलाय."

मग तंत्रज्ञ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ही नवी लेबलं कधी लावलीत?" वहिनींनी विचारले.

"गेल्या सोमवारी. दुसऱ्या दिवशी पाहणी होती ना. एक्याऐंशी नळ्या, एकट्यानं लावल्या. प्रत्येक नळी कोरड्या बर्फावर ठेवून, जाड हातमोजे घालून. लेबल नीट चिकटत नाही मग. पण वाकडं झालं तर झालं, नळी गार राहिली पाहिजे."

"एकही सरळ लागलं नाही?"

"एकही नाही, बाई."

"आणि नळीत तुकडा केवढा घातलात?"

"तुरीच्या दाण्याएवढा. एका पेशंटची एकच नळी, असा मॅडमचा नियम आहे."

"पण त्या बिचाऱ्या पोस्टमनचं काय?" भावजी कळवळले.

"त्यांचं होईल हो नीट. माझं काय होणार, ते सांगा."

बाहेर पडताच भावजी कुजबुजले, "बघितलंत? काळजी फक्त स्वतःची! हाच चोर."

"भावजी, तुम्ही योग्य दाराशी पोचता, पण थाप भिंतीवर मारता."

वहिनींनी सर्वांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसवले. बाई बोलता बोलता भावजींची दुमडलेली कॉलर सरळ करत होत्या.

"त्या नळीचं लेबल इतकं छान का चिकटलं?" वहिनींनी सुरुवात केली. "कारण चिकटवताना नळी गार नव्हती. कुणीतरी हातमोजे काढून ती मुठीत धरली, बर्फ पुसला आणि वाकडं लेबल काढून सरळ लावलं. तुम्ही फ्रीजरचं तापमान मोजलंत, डॉक्टर. मुठीचं कुणी मोजलं?"

"म्हणजे यानंच..."

"यानं एकही लेबल सरळ लावलेलं नाही. दुसरी चावी कुणाकडे आहे? आमच्याकडे येऊन बसण्याआधी तसबीर कुणी सरळ केली? आणि आत्ता हात कुठं आहे तुमचा?"

डॉक्टरीणबाईंनी कॉलर सोडली. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिले.

"सोमवारी संध्याकाळी," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटची नजर टाकायला फ्रीजर उघडला होता. समोरच्याच नळीचा कोपरा सुटलेला दिसला... दोनच मिनिटं धरली असेल. नळी मुठीत धरू नका, हे वीस वर्षं मीच सगळ्यांना शिकवतेय."

"तुरीच्या दाण्याला दोन मिनिटं पुष्कळ झाली."

"मग पोस्टमनचं औषध?" बाईंचा आवाज फाटला.

"ते यांना विचारा." वहिनी तंत्रज्ञाकडे वळल्या. "आला बोराएवढा, ठेवला तुरीएवढा. उरलेला कुठं गेला? आणि पेशंटचं नीट होईल, हे इतक्या खात्रीनं कसं सांगितलंत?"

तंत्रज्ञाने मान खाली घातली. "खालच्या कप्प्यात जुना डबा आहे. त्यात दुसरी नळी ठेवतो, प्रत्येकाची. परवापासून सांगायचं म्हणतोय. पण नियम मोडला म्हणून मॅडम मला कच्चा खातील, असं वाटलं."

मामा खो खो हसले आणि लगेच त्यांनी खोकल्याचे सोंग केले.

डॉक्टरीणबाईंनी चुकांची नोंदवही ओढली. दिवस, वेळ, कारण लिहिले. 'जबाबदार' या रकान्यात स्वतःचे नाव घालून सही केली.

"दुसरी नळी आत्ता कोरड्या बर्फात घालून पाठव. आणि आजपासून प्रत्येकाच्या दोन, उघडपणे."

"हो, मॅडम. पोस्टमनना मी सांगून येऊ का? उशीर का झाला, ते?"

"नको."

त्या एकट्याच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. पोस्टमन खिडकीपाशी पडून होते. बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि त्या टेकल्या.

"तुमच्या चाचणीबद्दल बोलायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून एक चूक झाली."