प्रश्न क्रमांक एकशे चाळीस

ठिणगी मोहरीच्या दाण्याहून लहान होती. पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर, आणि बटण दाबलं की त्या अंतरात निळसर असं काहीतरी थरथरायचं. वैजयंतीने ते भिंगातून पाहिलं होतं. दारावरच्या एका जुन्या बेलमधून मोहितने हा बझर बनवला होता. आवाज कर्कश होता, पण बनवणारा दहावीतला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता, म्हणून शनिवारच्या प्रश्नमंजूषेत तोच वाजायचा.

ती ठिणगी दोन किलोमीटरवरच्या रेडिओ दुर्बिणींना ऐकू जाते, हे वैजयंतीला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. तिने भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं.

खोडदच्या अलीकडे एका वाडीत हे सार्वजनिक वाचनालय होतं. वैजयंती तिथली ग्रंथपाल. दर शनिवारी चार ते साडेपाच ती आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी एक वर्ग घ्यायची. प्रयोग, प्रश्नमंजूषा, नकाशे, वाचन, जे जमेल ते. फी नव्हती. सुरुवातीला याचंच लोकांना कोडं पडलं होतं. वाचनालय झाडणाऱ्या चिमाबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "फुकाट हाय म्हंजी कायतरी घोळ असनार. न्हाईतर कोन शिकिवतंय?" दोन वर्षांनी त्यांची नातच पहिल्या बाकावर येऊन बसली. नातीचं नाव संस्कृती. ती नववीत होती आणि वर्गाची वही सांभाळायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, दारात एक माणूस उभा राहिला. हातात काठी, काठीला आडव्या सळया. गच्चीवरची जुनी टीव्हीची अँटेना कोणी उपटून आणावी तसं ते दिसत होतं. कानाला हेडफोन. काठी त्याने सावकाश डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि शेवटी ती थेट वैजयंतीवर रोखून धरली.

"सापडलं," तो म्हणाला.

"काय हवंय आपल्याला?"

"दर शनिवारी, चार वाजून पाच मिनिटांपासून साडेपाचपर्यंत." त्याने हेडफोन काढला. "सहा आठवडे मी तुम्हाला शोधतोय."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे – तुम्हाला नाही," तो घाईने म्हणाला. "तुमच्या आवाजाला. आवाज म्हणजे... गोंगाट. रेडिओतला."

"माझा गोंगाट?"

"नाही... तुमचा म्हणजे..."

"ताई, यांना पाणी देऊ का?" संस्कृतीने विचारलं.

त्याचं नाव सुदर्शन. दुर्बिणींच्या केंद्रात तंत्रज्ञ. कुठून तरी रेडिओ गोंगाट आला की त्याचा माग काढायचा, हे त्याचं काम. कुठे विजेच्या खांबावर सैल तार असते, कुठे खराब चार्जर. बझर मात्र त्याला पहिल्यांदाच सापडत होता.

त्याने तो जप्त केला नाही. हेडफोन मोहितच्या कानाला लावला आणि म्हणाला, "दाब."

मोहितने दाबलं. त्याचे डोळे मोठे झाले. "लई भारी! माझा बझर आकाशात ऐकू जातो?"

"आकाशात नाही रे. त्याच्यामुळे आकाश ऐकू येत नाही."

मोहितने क्षणभर विचार केला, मग स्वतःच बझरच्या तारा सोडवल्या. वैजयंतीच्या लक्षात राहिलं ते हे: तो माणूस रागावला नव्हता, आणि मूल हिरमुसलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवून आणणं किती अवघड असतं, हे तिला दोन वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

बझरच्या जागी स्टीलची थाळी आणि पळी आली. पुढच्या शनिवारी सुदर्शन तपासणीला आला. गोंगाट नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आला.

"आज काय तपासायचंय?" वैजयंतीने विचारलं.

"थाळी."

"थाळीतून रेडिओ लहरी निघत नाहीत."

"खात्री करून घेतलेली बरी, मॅडम."

"आणि अँटेना?"

त्याने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. बाहेर श्रावणातलं ऊन-पाऊस चाललं होतं आणि त्याच्या खांद्यावर पाच-सहा थेंब अजून न मुरता बसले होते. "विसरली," तो म्हणाला, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

त्यानंतर कारण विचारायचं तिने सोडून दिलं. तो यायचा, दारातच मोबाईल बंद करायचा – दुर्बिणींच्या आवारात तसा नियम होता, इथे नव्हता, पण हाताला सवय – आणि साडेपाचपर्यंत बसायचा. मुलं त्याला 'अँटेनादादा' म्हणू लागली. तो कधी मोजमापाला मदत करायचा, कधी नुसता ऐकायचा. ऐकताना त्याची मान किंचित उजवीकडे कलायची, साधारण दहा अंश. आपण हे मोजतो आहोत हे लक्षात आल्यावर वैजयंतीने फळ्याकडे तोंड केलं.

वर्गाची सुरुवात प्रश्नपेटीने व्हायची. पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला चीर पाडलेली. मुलं येता येता चिठ्ठी टाकायची. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, वहीत प्रश्न, पुढच्या रकान्यात उत्तर. नियम तीन, वैजयंतीच्याच अक्षरात भिंतीवर लावलेले. प्रश्न कोणाचा ते विचारायचं नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर, मोठ्याने. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. उत्तर देण्याआधी थाळी वाजवायची, ही भर नंतर मुलांनी घातली.

बिबट्याला ऊस का आवडतो, असा प्रश्न यायचा. एकदा आलं, 'पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का?' मुलगे खाली बघू लागले, मुली त्याहून खाली. वैजयंतीने थाळी वाजवली आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "नासत नाही. मी दर वर्षी लोणचं घालते आणि कॅलेंडर बघत नाही. लोणचं ओल्या चमच्याने नासतं." संस्कृतीने ते शब्दशः लिहून घेतलं.

एकशे चाळीस क्रमांकाची चिठ्ठी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी निघाली. अक्षर मुलाचं नव्हतं. तारांना नावाच्या पट्ट्या लावणारी माणसं काढतात तसं चौकोनी, सुटं अक्षर. 'शनिवारी माझी सुट्टी असते. तरी मी इथे येतो. का, ते ताईंना कळलंय का? कळलं असेल तर त्यांचं उत्तर काय?'

वैजयंतीने चिठ्ठीवर क्रमांक घातला, वहीत १४० लिहिलं, चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि एकशे एकेचाळीसावी उघडली. शेवटच्या बाकाकडे तिने पाहिलं नाही. न पाहताही तिला कळलं, की मान कललेली होती.

उत्तर तिला ठाऊक होतं. अडचण उत्तराची नव्हती, मोठ्याने बोलण्याची होती.

वैजयंती महाळुंगे पडवळची. घरची बारा एकर बागायत, वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, भावकीत शब्द. सुदर्शनचं घर शिनोलीच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर. भात, नाचणी, आणि उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी पायपीट. अण्णांच्या लेखी शिनोलीच्या पुढे डोंगर सुरू होतो आणि सोयरीक संपते. शिवाय चिमाबाईंची धाकटी लेक महाळुंगे पडवळलाच दिलेली. वाचनालयात शनिवारी बोललेला शब्द रविवारच्या चहाआधी अण्णांच्या ओसरीवर पोचायचा. कानात सांगितलं तर ते दोघांपुरतं राहिलं असतं, आणि दोघांपुरती गोष्ट मागे घेता येते. स्वतःला ती चांगली ओळखत होती. मागे घ्यायला वाट असली, तर तिने ती घेतली असती.

असे पाच शनिवार गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर अवकाळी सर आली. मुलं दप्तरं डोक्यावर धरून पळाली. कांद्याची रोपं झाकायला कोणी कोणाला हाका मारत होतं. वाचनालयाच्या पत्र्याखाली दोघंच उरली.

"एकशे चाळीसचं काय झालं?" सुदर्शनने विचारलं.

"प्रश्न कोणाचा ते विचारायचं नाही."

"मी कुठं ते विचारतोय? मी उत्तराचं विचारतोय."

"माहिती अपुरी आहे."

"काय कमी पडतंय?"

तिने पत्र्यावरून ओघळणाऱ्या धारेकडे पाहिलं. "चहात साखर किती घेता?"

"दोन चमचे. तुम्ही?"

"अर्धा."

"मग सरासरी सव्वा," तो म्हणाला. "जमेल."

ती हसली. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. त्यानेही हसून घेतलं, आणि मग हातातल्या बंद मोबाईलकडे बघत म्हणाला, "डिसेंबरपासून माझी सुट्टी मंगळवारी केलीय."

तिने दाराचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"बदलून मिळते. येत्या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारपर्यंत अर्ज द्यायचा. पण शनिवारच का पाहिजे, त्याचं कारण लिहावं लागतं."

"काय लिहिणार?"

"तेच तर चिठ्ठीत विचारलंय." तो पायरी उतरला, पावसातच वळला. "उत्तर 'नाही' असलं तरी चालेल मला. खरंच चालेल. फक्त 'माहीत नाही' म्हणू नका. ते खोटं व्हईल – होईल."

घाईत त्याची घरची बोली निसटली होती. तो कानापर्यंत लाल झाला आणि मोटारसायकल चालू करून निघून गेला. 'व्हईल' हा शब्द मात्र पत्र्याखाली बराच वेळ राहिला.

गुरुवारी जेवताना अण्णा म्हणाले, "रविवारी मंचरचे पाहुणे येतायत. मुलगा बँकेत आहे. साडी नेस जरा चांगली."

"बरं," वैजयंती म्हणाली.

पाहुणे या वर्षातले पाचवे होते. आधीच्या चारही वेळा ती 'बरं' म्हणाली होती, आणि प्रत्येक वेळी पलीकडूनच काही ना काही फिसकटलं होतं. पाचव्यांदा तसं होईल असं मानायला आधार नव्हता. चार निरीक्षणांवरून नियम सिद्ध होत नाही.

शनिवारी ती वाचनालयात पोचली तेव्हा मुलं आधीच जमली होती. सुदर्शन शेवटच्या बाकावर. संस्कृती वही पुढून मागे, मागून पुढे चाळत होती.

"ताई, दिवाळीपर्यंतचा हिशोब लावत होते. एकशे चाळीसचा रकाना कोराच आहे. प्रश्नपण लिहिला नाय."

"तो... राहिला असेल."

"सात शनिवार?" संस्कृतीने बोटं मोजून दाखवली. "दुसरा नियम कोणी लावलाय भिंतीवर?"

"तुमीच म्हणता ना ताई," मोहित म्हणाला, "अवघड प्रश्न बाजूला टाकायचा नाही म्हणून. मी बझर टाकला व्हता का? सोडवला."

चिमाबाई दारापाशी केरसुणी टेकवून उभ्या राहिल्या. कोणी कोणाला रागावत असलं की त्यांचा केर आपोआप संपायचा.

शेवटच्या बाकावर हालचाल झाली. सुदर्शन उभा राहिला होता. "जाऊ दे रे पोरांनो," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "जुनी चिठ्ठी असंल. हरवली असंल. चला, मी निघतो, आज जरा..."

त्याने मोबाईल खिशातून काढला आणि बटणावर अंगठा ठेवला. दारातून बाहेर पडताना तो चालू करायचा, आत येताना बंद. इतक्या शनिवारांत वैजयंतीने त्याला वर्ग अर्धा सोडून ते बटण दाबताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मनात आलं, तो 'नाही' ऐकून चाललाय. आपण काहीच बोललो नाही, आणि त्याला ते नीट ऐकू गेलं. गोंगाटातून नेमकं तेवढं वेगळं काढणं हेच तर त्याचं काम.

तिने पळी उचलली आणि थाळीवर मारली.

इतक्या जोरात ती थाळी आजवर कोणी वाजवली नव्हती. सुदर्शन जागीच थांबला.

वैजयंतीने पर्स उघडली, चिठ्ठी काढली. घडीवर ती फाटायला आली होती. "प्रश्न क्रमांक एकशे चाळीस," ती म्हणाली, आणि पूर्ण वाचून दाखवला, 'शनिवारी माझी सुट्टी असते' पासून 'उत्तर काय' पर्यंत. वर्गात कोणी हललं नाही. मोहितचं तोंड उघडं राहिलं होतं. संस्कृतीने पेन घट्ट धरलं.

"लिहून घे," वैजयंती तिला म्हणाली. "पहिला भाग. कळलंय. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी कळलं, ते अँटेना विसरून आले तेव्हा."

पेन कागदावर भराभर फिरलं. "आणि दुसरा भाग?"

"दुसरा भाग..." ती शेवटच्या बाकाकडे बघत होती, सरळ, मान न कलवता. "हो."

शब्द फार लहान निघाला.

"काय म्हनली?" दारातून चिमाबाई म्हणाल्या. "मला तर बाई कायबी ऐकू नाय आलं."

वैजयंतीने पळी खाली ठेवली आणि दाराकडे वळली. आता तिचा आवाज लोणच्याच्या उत्तराइतकाच सरळ होता.

"मी सुदर्शनशी लग्न करणार आहे, चिमाबाई. महाळुंग्याला लेकीला आजच फोन करा. अण्णांना सांगायला सांगा, उद्या मंचरचे पाहुणे बोलावू नका."