न्यायला येतो

१९७४ साली आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात राहत होतो. क्वार्टर्स कमी पडायच्या, म्हणून कारकून मंडळींना 'किल्ल्या'त खोल्या दिल्या होत्या. किल्ला म्हणजे एका देशमुखानं हौसेनं बांधलेली दगडी कोठी. चार बुरूज, हातभर जाड भिंती, ऐन मे महिन्यातही गार फरशी. तसं घर मला पुन्हा मिळालं नाही.

शेजारच्या कमलबाई तिथल्या जुन्या. त्या सांगायच्या, "रझाकाराच्या वक्ताला देशमुख बायकोला म्हणला, न्यायला येतो. गेला तो गेलाच. ती बुरजातल्या खिडकीत बसून ऱ्हायची."

"मग तिचं काय झालं?"

"बाहेर पडताना कुणी पाहिलं न्हाई."

आमची खोली त्याच बुरजातली.

पुढं यांची गंगाखेडला बदली झाली. निघताना हेही म्हणाले, "जागा मिळाली की न्यायला येतो." मी हसले. कमलबाई हसल्या नाहीत.

एकटी राहू लागल्यावर दुपारी खिडकीजवळची फरशी ऊबदार लागायची, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. फणीत केस सापडायचे, माझ्याहून लांब. कमलबाईंचे असतील, असं मी धरून चालले.

आईला बरं नव्हतं म्हणून खोलीला कुलूप लावून मी झरीला गेले. परत आले तर कमलबाई मला पाहून ओट्यावरच थबकल्या.

"सगुणाबाई, तुमी? परवाच तर मालकासंगं टांग्यात बसून गेलात. मीच ओटी भरली की."

"मी झरीला होते."

"मालकानं खालून हाक मारली, 'अगं, आलो गं.' वरून तुमी ओ दिली. पदर लय खाली वढलेला. म्हणलं, लगीन होऊन इतके दिस झाले, आन आता लाजायलीय!"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. यांनी नुसतं 'अगं' म्हटलं. जी वाट पाहत होती तिनं ते आपलं मानलं.

कुलूप मी लावलं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी गंगाखेड गाठलं. दार यांनीच उघडलं. मला पाहून यांचा चेहरा उतरला, म्हणजे खरी मी कोण हे ओळखलं होतं.

"ती मी नाही, हे कळलं नाही तुम्हाला?"

"टांग्यातच कळलं," हे हळू आवाजात म्हणाले.

"मग?"

"माझी अशी वाट तू कधी पाहिली नाहीस."

आतून ती आली. तोंड पदराआड. सवाष्णीला दारातून तशीच पाठवू नये म्हणून कुंकवाचा करंडा घेऊन आली होती.

तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं.

हे भिंतीकडे पाहत राहिले.

परतीच्या एसटीत शेजारच्या म्हातारीनं सरकून जागा दिली. पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "मालक कवा गेले, माय?"

मी कपाळ चाचपलं. बोट कोरडं आलं. सकाळी घरून लावून निघालेलं माझं कुंकूही तिथं नव्हतं.