दिवस बुडायच्या आत

साडेपाच झाले, की स्वयंपाकघरातून आईची हाक यायचीच, "जेवून घे वं रुचिका, दिवस बुडून राह्यला!"

घर जैनांचं. सूर्य मावळल्यावर ताटाला हात नाही. आणि थंडीत एम.कॉम.चा ऑनलाइन तास नेमका त्याच वेळी! रुचिका कॅमेरा-माइक बंद करायची, गरम फुलके घाईनं पोटात ढकलायची आणि परत यायची.

एके दिवशी ती परतली, तर चॅटवर वर्गातल्या मयंकचा निरोप… मालेगावचा हा मुलगा तिनं कधी पाहिलासुद्धा नव्हता.

"काय होतं आज ताटात?"

ती चपापली. "तुमाले काय करायचं?"

"मी बी जैनच. आत्ताच हात धुवून आलो. मुगाची डाळ. रोजचीच!"

"आमच्याकडं मेथी."

"मजा आहे बुवा तुमची…"

मग रोजच विचारपूस. मेथीवरून गप्पा कुठल्या कुठं जायच्या. साडेपाच कधी वाजतात, याचीच ती वाट पाहू लागली.

शनिवारी दोघं तासाला परतले आणि जगदेव सर शिकवता शिकवता थांबले.

"रुचिका, मयंक! रोज एकाच वेळी गायब, एकाच वेळी हजर. कुठं भेटता रे? आजपासून दोघांची हजेरी बंद. परीक्षेचं तुमचं तुम्ही बघा!"

पडद्यावर हसऱ्या इमोजी उसळल्या. रुचिकाचे कान तापले. गप्प राहिलं तर परीक्षा जाणार, आणि उद्या गावभर नाव होणार ते वेगळंच. तिनं कॅमेरा सुरू केला… आणि सरळ खिडकीकडे वळवला. बाहेर लालबुंद सूर्य टेकला होता.

"हे पाहा सर. हा बुडायच्या आत जेवतो आमी. मी मंगरूळपीरले, ते तिकडं दूर मालेगावले. भेटू कसे?"

"अगं, मग सांगायचं ना!"

"तुमी हजेरी घेता सर. काहून जाता, हे कधी विचारलंच नाही."

 सर मोकळे हसले. "चुकलं माझं. हजेरी लावतो. सोमवारपासून तास चारला. म्हणजे… तुम्ही खरंच भेटलेले नाही?"

मयंकचा कॅमेरा पहिल्यांदाच उघडला. विस्कटलेले केस, टपोरे डोळे.

"अजून नाही, सर… पण मले भेटायचं आहे."

 रुचिकानं केस कानामागे सारले.

"बसस्टँडजवळ कापडाचं दुकान आहे आमचं. बाबा तिथंच असतात. आधी त्यांले भेटा."

"आणि तुमी?"

"चहा घेऊन मीच येईन."

माइक सुरू होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.