मागच्या सीटवरचा हात

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारी, कडक उन्हात, माणसांनी भरलेल्या रस्त्यावर हे घडलं.

माझे बाबा राष्ट्राध्यक्षांच्या गाडीचे ड्रायव्हर होते. लांबलचक काळी गाडी. काचा इतक्या जाड की आतला आवाज बाहेर येत नसे. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्येही तशीच काच. मागचं दार आतून उघडत नसे, ते अंगरक्षकानेच बाहेरून उघडायचं. आणि ड्रायव्हरने मागे बघायचं नाही. आरसासुद्धा तसाच फिरवलेला.

"इतकी वर्षं साहेबांना फिरवतोय, पण रस्त्यात भेटले तर ओळखणार नाही," बाबा हसून सांगायचे.

मग ती मिरवणूक निघाली. दुतर्फा गर्दी. गाडी चालण्याच्या वेगाने जात होती. साहेब काचेतून हात हलवत होते, लोकही हात हलवत होते.

मुक्कामी पोचल्यावर अंगरक्षकाने दार उघडलं...

साहेब गेलेले होते. वाटेतच त्यांच्या छातीत कळ आली होती.

ते हात हलवत नव्हते. काच बडवत होते.

चौकशीत बाबा सुटले, पण मनातून सुटले नाहीत. जेवता जेवता थांबायचे.

"माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर होता गं माणूस."

"तुम्ही नियम पाळलात ना?" आई म्हणायची. बाबा ताट बाजूला सारायचे.

पुढे नवी गाडी आली. जुनी गॅरेजात पडून राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा तिला अधूनमधून रिकामीच फिरवून आणायचे.

एके दिवशी परतले ते पांढरेफटक पडून.

"लोक हात हलवतात," म्हणाले.

"एवढी ऐटबाज गाडी! मीही हलवला असता," मी हसण्यावारी नेलं.

"माझ्याकडे बघून नाही... मागे बघून."

मला पुढे हसता येईना.

"उद्या तू रस्त्यावर उभी राहा. मागे कोण आहे ते बघ. माझी मान वळत नाही गं."

म्हणून मी उभी राहिले.

गाडी आली. हळू... फारच हळू. शेजारच्या बाईंनी हात वर केला. मग फळवाल्याने. मग सगळ्यांनीच. सगळे हसत होते.

मी मागच्या काचेत बघितलं.

एक हात होता... तळवा काचेवर आपटत होता.

मनगटावर आईने दिलेलं घड्याळ.

ते बाबा होते!

मग गाडी कोण चालवत होतं? पुढच्या काचेवर ऊन तळपत होतं. मला दिसलं नाही.

"थांबवा! हात हलवत नाहीयेत ते! थांबवा कुणीतरी!"

"अहो, ओरडता काय? तुम्हीपण हलवा की हात," शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

मी धावत सुटले. गाडी चालण्याच्या वेगाने जात होती आणि मी जिवाच्या आकांताने धावत होते. तरी अंतर काही कमी होईना. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

मी तशीच गॅरेजात पोचले. गाडी आपल्या जागेवर उभी होती. बाहेरून कधी आली, मी विचारलं.

"बाहेर कुठे? आज हललीच नाही ती," पहारेकरी म्हणाला. "सकाळपासून पुसतायत तुझे बाबा."

मागचं दार मीच उघडलं.

बाबा गेलेले होते.

पुसायला आत शिरले असतील, दार मिटलं असेल, जीव घाबरला असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण त्या दिवशी मी बोनेटला हात लावला होता. चटका बसला होता.

आजही बड्या माणसाची गाडी गेली की लोक हात हलवतात. माझा हात वर होत नाही. मी फक्त काचेतल्या हाताकडे बघत राहते... तो हलतोय की आपटतोय?

लांबून ते अजूनही मला कळत नाही.