आठव्या होलशेजारची भेंडी

प्रेम ही विश्वातली सर्वांत प्राचीन, सर्वांत पवित्र आणि कुठलंही कुंपण न जुमानणारी शक्ती आहे. फक्त ती गोल्फच्या आठव्या होलवर प्रकट झाली, तर मागून येणाऱ्यांचा खोळंबा होतो.

आंबिवलीच्या मागच्या डोंगरावर एक खासगी गोल्फ क्लब आहे. डोंगर पूर्वी काळुरामच्या भावकीचा होता. भावकीने विकला, काळुरामने आपला तुकडा ठेवला. म्हणून आठव्या होलच्या उजव्या अंगाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे भेंडी. क्लबच्या नकाशात त्या जागी ‘नैसर्गिक अडथळा’ असं छापलेलं आहे.

डोंबिवलीचा ऋतुराज तिथे पोचला तो साहेबांच्या कृपेने. आनंदसरांना रविवारच्या खेळाला चौथा गडी कमी पडत होता, आणि ऑफिसात ‘नाही’ म्हणता न येणारा ऋतुराज एकटाच होता. पहिल्याच दिवशी त्याने आठव्या होलवर डोळे मिटून काठी फिरवली. चेंडू उठला, उजवीकडे वळला आणि...

“फोर!” आनंदसर ओरडले. गोल्फमध्ये याचा अर्थ ‘डोकी सांभाळा’ असा होतो.

भेंडीत काळुरामची मुलगी अक्षदा उभी होती. आठवडाभर ती कल्याणला बँकेत नोकरी करायची. सुट्टीला गावच्या टेनिस क्रिकेटची अंपायर असायची, आणि सगळ्या टीम तिला टरकून असायच्या. तिने डोकं सांभाळलं नाही. टोपली पुढे केली. चेंडू अलगद आतल्या भेंडीवर बसला.

ऋतुराज धापा टाकत कुंपणाशी आला. “सॉरी हां मॅडम... फोर म्हणून ओरडलेलो आम्ही.”

“फोर कसला? टप्पा पडला का?”

“नाही, पण—”

“मग सिक्स होता. आणि मी झेलला, म्हणजे आउट.” तिने बोट वर केलं.

“गोल्फमध्ये आउट नसतं.”

“मग खेळ संपतो कसा?”

“साहेब दमले की.”

ती हसली. बोट तसंच वर राहिलं — वाऱ्याने कपाळावर आलेली बटही तिने दुसऱ्या हाताने सारली. गोल्फमध्ये आउट नसतं हे खरं, पण ऋतुराज झाला.

त्यानंतर त्याचा प्रत्येक चेंडू उजवीकडेच जाऊ लागला. आनंदसरांनी त्याचे पाय सरकवले, खांदे वळवले, शेवटी त्याला अख्खाच डावीकडे फिरवला. चेंडूने तरीही भेंडी गाठली. सरांची तक्रार नव्हती. हमखास हरणारा गडी साहेबलोकांना सहसा सोडवत नाही.

“आज उशीर?” अक्षदा कुंपणापलीकडून विचारायची.

“सातव्या होलवर अडकलेलो.”

“अस्सं! कोण होती सातव्या होलवर?”

“वाळू. खड्डा भरून.”

असे ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. मग एका रविवारी तिने चेंडू दिलाच नाही. मुठीत धरून ठेवला.

“कळव्याचं स्थळ आलंय. बंगला आहे. दोन जेसीबी. पुढच्या रविवारी त्यांना उत्तर द्यायचंय.”

“दोन?”

“हो.”

“...चांगले असतात जेसीबी.”

चेंडू त्याच्या कानाजवळून सणसणत गेला. तो तसाच मान खाली घालून निघाला, तर कुंपणाच्या फाटकाशी काळुराम.

“काय रं पोरा, दर रविवारी आमचेच भेंडीत कसा?”

“काका... माझा हँडिकॅप आहे ना.”

काळुरामचा चेहरा पालटला. “आरं, दिसत नाय बाहेरून! किती?”

“छत्तीस. क्लबात सगळ्यात जास्त माझाच.”

“जन्मापासून?”

“नाही, क्लबात आल्यापासून.”

“आन् तुजा साहेब?”

“सरांचा अठरा. सगळ्यांनाच असतो काका, कमी-जास्त.”

काळुरामने डोंगराकडे पाहिलं. चांगली खातीपिती माणसं, चार पावलं टाकायची तर छोट्या गाडीत बसून जात होती. इतकी वर्षं आपण यांना शिव्या घालत आलो...

“म्हनून गाड्यांतून फिरतात,” तो हळूच म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने ओसरीवरची आपली लाल खुर्ची उचलली आणि आठव्या होलवर, सगळ्यांना टेकता येईल अशी, नेऊन ठेवली. क्लबच्या लोकांना वाटलं, कमिटीने ठेवली.

पुढच्या रविवारी अक्षदाने बोट वर केलं नाही. तिचे डोळे सुजले होते.

“ये. उभा नको राहूस... बस बांधावर. बाबांनी सांगितलं मला. तुझं छत्तीस.”

ऋतुराज शरमला. “सर म्हणतात, सरावाने कमी होईल.”

“नाही झालं तरी—” ती भेंडीच्या पानाशी चाळा करत राहिली. “मला चालेल. मी कळव्याला नाही म्हणून कळवलंय.”

वारा पडला. ऋतुराजचं काळीज पहिल्यांदाच डावीउजवीकडे न जाता सरळ वर उडालं.

“अक्षदा! पण तू रडतेस कशाला? गोल्फ येत नाही म्हणून कोणी रडतं का?”

“गोल्फ?”

“हँडिकॅप गोल्फचा असतो. म्हणजे किती वाईट खेळतो त्याचा आकडा.”

अक्षदाच्या हातातलं पान तुटलं.

“म्हणजे तुला... काहीच झालेलं नाही?”

“नाही.”

“मी आठवडाभर उशी भिजवली! नवस बोलले! आता कळव्याला फोन लावते परत!”

“नको! हवं तर मी काहीतरी मोडून घेतो... डावा हात चालेल? उजवा ऑफिसला लागतो.”

अक्षदाने ओठ दाबून धरले. हसू तरीही सुटलं. “आधी तोंड चालव. दोन जेसीबींपुढे काय बोलायचं राहिलेलं तुझं?”

“हेच की... चेंडू आपोआप उजवीकडे जात नव्हता. मी मारायचो. पहिला सोडून सगळे. मला तू हवी आहेस, अक्षदा.”

तिचं बोट हळूच वर गेलं.

“आउट?” त्याने घाबरून विचारलं.

“एक धाव. आज एवढीच.”

मागे खाकरल्याचा आवाज झाला. काळुराम किती वेळ उभा होता, देव जाणे.

“म्हंजे साहेबाला पन काय नाय?”

“नाही काका.”

“समदे धडधाकट?”

“एकदम.”

काळुरामने मुलीकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग तारेपलीकडे — तिथे आनंदसर पाय पसरून ऐसपैस बसले होते.

“लगीन करून देईन,” तो म्हणाला. “पन जा, आधी साहेबाला उठव आन् माजी खुर्ची तेवढी आन.”