वरातीच्या घोडीवर मनिषा

तुमी कशाचा अभ्यास करता म्हणे?

देवगाव फाट्यावर पांढरी घोडी समोरून आली, तशी मनिषा रसवंतीच्या आड जाऊन उभी राहिली. लगाम धरलेला तरुण हसला. तो सिद्धोधन, वालूरचा जनावरांचा डॉक्टर.

"चावत न्हाई ओ ती. आमच्या गावच्या कुसुममावशीची वरातीतली घोडी हाय, लय सोशीक."

"मला घोड्यांची भीती वाटते."

"आन् करता काय तुमी?"

मनिषाने ओठ चावला. "पीएच.डी... घोड्यांवर जगलेल्या तुर्की लोकांवर."

तो इतका हसला, की घोडीनेही कान टवकारले.

तुर्की म्हंजी तुर्कस्तानचेच ना?

"नाही. किरगीझ, कझाक, उझबेक... पार सायबेरियापर्यंत पसरलेत. जूनमध्ये मला किरगिझस्तानला जायचंय, दोन वर्षं. डोंगरात, मेंढपाळांच्या तंबूत. तिथं घोड्यावर बसता आलं नाही, तर—"

झरीच्या मास्तरांच्या या लेकीने हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. याला का सांगितलं?

"शिकवतो की," तो म्हणाला.

शिकवून मला काय मिळंल?

वालूरचा माळ, सकाळचं कोवळं ऊन. घोडीच्या मानेवर मनिषाचा तळहात, त्याच्यावर त्याचा.

"तिकडं एक खेळ असतो," ती पटकन म्हणाली. "मुलगी घोड्यावर पुढं पळते, मुलगा मागं. त्यानं गाठलं तर... मुका."

"आन् न्हाई गाठलं तर?"

"येताना ती चाबकानं बडवते."

"दोन्हीकडून फायदाच हाय की!"

पण जसजशी ती नीट बसायला लागली, तसतसा तो गप्प होत गेला.

नवरदेव कुठाय?

एका सकाळी कुणाच्या तरी लग्नाची हलगी गावातून कडाडली. घोडीला एकच विद्या ठाऊक. तिने पुढचे पाय उचलले आणि मनिषाला घेऊन नाचायला लागली!

"उतरू नका! लगाम सैल सोडा!"

मनिषा किंचाळली... मग सावरली. मग चक्क ठेक्यात डोलायला लागली.

कुसुममावशी धावत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगं बया! नवरी घोडीवर, मग नवरदेव कुठाय?"

सिद्धोधनने मान खाली घातली. "त्या जायल्यात, मावशी. जूनमदी."

मनिषा घोडीवरूनच त्याच्याकडे वळली. "डॉक्टर, जाऊ नका असं एकदाही का नाही म्हणालात?"

"तुमी राहिला असता म्हणून."

हलगी वाजतच होती.

"मग दुसरं काही विचारा."

"परत आल्यावर... लग्न कराल माझ्याशी?"

"परत आल्यावर कशाला? जायच्या आधी करू. विहारात, साधंसं."

"आन् दोन वर्षं?"

"रोज फोनवर भांडू. आणि आजपासून मला तू म्हणायचं."

त्याचे कान लाल झाले.

"तू... आधी खाली उतर," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात वर केले.